‘माले’ हा शब्द मी कापला

गाण्यातून एक शब्द कापला तर कोणाचं काय बिघडतं, असं मी बरीच वर्षं म्हणत होते. नाचणाऱ्यांचं बिघडलं नाही. डीजेवाल्यांचं तर नाहीच, त्यांची लगीनसराई त्या एका गाण्यावर तरली. बिघडलं ते धुळ्याच्या एका म्हातारीचं, आणि तिने ते मला स्वतः फोन करून सांगितलं. तिला तो शब्द परत हवा होता. मागणं एवढंच होतं, आणि एवढंच मला देता येईना.

आधी काम काय ते सांगते. कोणाला ठाऊक नसलेली जुनी डिस्को गाणी मी आजच्या नाचासाठी कापून-जोडून देते. रीएडिट म्हणतात त्याला. आमच्याकडे सगळे रिमिक्सच म्हणतात आणि मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. रिमिक्सवाला गाण्याला नवे कपडे चढवतो, मी जुनेच उसवून मापात शिवते. माप म्हणजे ठोका. त्या काळी ड्रम माणूस वाजवायचा, आणि माणूस म्हटला की तो पळतो. कडव्यात नीट चालतो, लोक टाळ्या वाजवायला लागले की हुरळतो, शेवटी तर त्याच्या मागे कुत्रं लागल्यासारखा सुटतो. आजच्या डीजेला ते चालत नाही. त्याला एका गाण्यातून दुसऱ्यात जायचं असतं आणि दोन्ही गाण्यांचे पाय जुळावे लागतात. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगणच खरोखर वाकडं असतं, आणि ते सरळ करायला मी बसलेली असते.

हे मी शिकले नेटवर, परदेशातल्या लोकांचं बघून. तिकडे विसरलेल्या डिस्कोच्या तबकड्या शोधून काढणारी वेडी माणसं आहेत. त्यातून मला पोस्ट-पंक म्हणून एक प्रकार सापडला. खरखरीत गिटार, पुढे पुढे करणारा बेस आणि कायम चिडलेला गाणारा. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं सासूबाई म्हणतात, त्यामुळे ते संगीत मला पहिल्या दिवसापासून नात्यातलं वाटलं. अशी आठ-दहा गाणी मी कापून, नाव न घालता नेटवर टाकली. पुण्यात कुठल्याशा पार्टीत त्यातलं एक वाजलं आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओ केला. अंधारात माणसं उड्या मारत होती आणि मी जळगावात भेंडी चिरत होते.

कापायला मात्र मला वडिलांनी शिकवलं. धुळ्याला आमचं कॅसेटचं दुकान होतं. तुटलेली फीत ब्लेडने तिरपी कापायची, चिकटपट्टीने जोडायची आणि पेन्सिलीने गुंडाळायची, हे मी शाळेत असतानाच करायचे. कापणं कोणालाही येतं, कुठे कापलं ते कळू न देणं ही खरी कला, असं ते म्हणायचे. मी लग्न होऊन जळगावला आले तेव्हा नवऱ्याचा साउंडचा, म्हणजे लग्नांत डीजे वाजवायचा, धंदा नवा होता. वडिलांच्या हुंड्याविरुद्धच्या तत्त्वामुळे मी येताना काही आणलं नाही, हा एक हात सोडून.

आमच्या घरात मागे स्पीकरची खोली आहे. तिथे एका बाजूला ताडपत्री, एका बाजूला माणसाच्या उंचीचे बेसचे डबे, आणि मधल्या जागेत मी, लॅपटॉप आणि हेडफोन. बारीक ऐकायचं तर कूलर बंद करावा लागतो, आणि जळगावच्या मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. दार लावलेलं असतं. घरात बाई बसून डीजेची गाणी बनवते हे बाहेर कळू नये म्हणून सासूबाई आल्या-गेल्याला सांगतात, सून आत ब्लाऊज शिवते. एकदा समोरची बाई खरंच कापड घेऊन आली. मी ते गुपचूप शिंप्याकडून शिवून आणलं. तिला इतकं आवडलं की ती पुढच्या महिन्यात बहिणीचंही कापड घेऊन आली.

नवरा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. हसरा आहे, हातावर हात ठेवून बसत नाही आणि माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. फक्त एकदा मी विचारलं होतं की गाणं मी केलं असं सांगितलं तर काय होईल. मांडवात तो स्वतःला किंग ऑफ खान्देश म्हणवतो. म्हणाला, ‘अगं, किंग ऑफ खान्देशची गाणी बायको बनवते म्हटलं तर...’ वाक्य त्याने पुरं केलं नाही. मीही केलं नाही. असंच ते इतकी वर्षं अर्धवट पडून आहे आणि मी त्याच्या आत राहते.

वडील गेल्यावर भावाने कॅसेटची तीन खोकी पाठवून दिली. त्यातल्या एका कॅसेटवर वडिलांच्या अक्षरात फक्त ‘डिस्को, धुळे’ एवढंच होतं. कुठल्यातरी ऑर्केस्ट्राने तालमीच्या जागी भरलेली असावी. ड्रम, कुरकुरणारा कीबोर्ड, आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलीचा आवाज, अहिराणीत. गाण्यातली मुलगी यात्रेत गेलीय आणि कोणीतरी तिचं मनगट धरलंय. प्रत्येक कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबतात. त्या थांब्यात ती एकटी म्हणते, ‘माऽऽले’. माले म्हणजे मला. मग धाडकन ड्रम पडतो आणि ती म्हणते, ‘जाऊ दे’.

त्या ‘माले’ला माप नव्हतं. कधी तीन ठोके, कधी साडेचार, तिच्या मनाला येईल तेवढे. वाजवणारे तिच्यासाठी थांबून राहत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. लग्नानंतर जळगावात मी ‘आहे’ला ‘शे’ म्हटलं की नणंदा हसायच्या, म्हणून अहिराणी बोलणं मी सोडलं होतं. सासरचे पूर्वेकडचे, केळीवाले, त्यांची बोली वेगळी. त्या खोलीत, कूलर बंद करून, घामाघूम होऊन मी कितीतरी वर्षांनी माझी बोली ऐकत होते. मी रडले. मग डोळे पुसले आणि कापायला बसले.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगावी लागेल. डीजेच्या प्रत्येक गाण्यात मध्येच एक भारदस्त आवाज येतो आणि डीजेचं नाव पुकारतो. त्याला टॅग म्हणतात. टॅग नसला की दुसरा डीजे गाणं उचलतो आणि आपलं म्हणून वाजवतो. गाणं कोणी लिहिलं, कोणी गायलं, कोणाला पत्ता नसला तरी चालतं, पण ते कोणाच्या गाडीवर वाजतंय हे मांडवातल्या पोरासोरांना कळलंच पाहिजे. नवऱ्याचा टॅग एका जाड आवाजाच्या माणसाकडून भरून घेतलेला आहे. साउंडचं नाव आणि पुढे ‘किंग ऑफ खान्देश’. तो बरोबर चार ठोक्यांत बसतो.

मी ‘माले’ कापला आणि त्या थांब्यात टॅग बसवला. पोस्ट-पंकच्या चिडक्या बेससारखा एक बेस खाली घातला, ड्रम सरळ केला आणि ‘जाऊ दे’ तीनदा जोडला. किंग ऑफ खान्देश, धाड, जाऊ दे, जाऊ दे, जाऊ दे. आता ‘जाऊ दे’ एकटं म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गाडी चिखलातून काढताना म्हणतात ते. होऊ दे, येऊ दे, जाऊ दे! हात धरलेल्या मुलीची विनवणी होती, तिची आरोळी झाली. जोड कुठे आहे ते वडिलांनासुद्धा कळलं नसतं. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

गाणं सुटलंच. बोदवडला वाजलं, मुक्ताईनगरला वाजलं, अमळनेरला एका हळदीत लागोपाठ सात वेळा लावायला लावलं. मग लोकांना त्याचेच प्रकार हवे झाले. हलगीवालं जाऊ दे, पावरी फुंकलेलं जाऊ दे, नवरदेवाचं नाव घातलेलं जाऊ दे, बाळाच्या वाढदिवसाचं जाऊ दे. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसे नवऱ्याचे डीजे मित्रही आपापले टॅग पाठवू लागले. माझी परदेशी गाणी मागे पडली. मी रोज तेच गाणं उघडायचे, तोच थांबा, तोच चार ठोक्यांचा खड्डा, त्यात कोणाचं तरी नाव भरायचं. स्वयंपाकघरातून खोलीत आणि खोलीतून स्वयंपाकघरात. बाहेर सगळा जिल्हा माझ्या गाण्यावर नाचत होता आणि मी त्यातला एकही मांडव पाहिलेला नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण मला कोणी मारतही नव्हतं. तक्रार तरी कशाची करायची?

दुपारी नवरा झोपतो तेव्हा त्याचा फोन माझ्याकडे असतो. अशाच एका दुपारी फोन आला.

‘ते जाऊ देवालं गानं तुम्हनं शे का?’

मी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘हो. बुकिंग करायचंय का?’

‘बुकिंग मन्हा पोरनी कयेल शे. मन्ही नातनी हयदले तुम्हीच ई ऱ्हायनात.’ नातीच्या हळदीला आम्हीच येतोय, एवढं सांगून ती श्वास घ्यायला थांबली. आणि मी तिला ओळखलं. बोलण्याआधी ती जीभ टाळूला लावते, बारीक टक असा आवाज होतो. तो टक मी शेकडो वेळा कापून फेकला होता. ‘ते गानं मी गायेल शे, पोरी.’

मी म्हटलं, ‘माहीत आहे.’ म्हणजे त्या क्षणी झालं होतं.

‘त्यामातला एक शब्द कथा गया? कोनी कापा?’

खोटं बोलता आलं असतं. सगळं खापर टॅगच्या त्या जाड आवाजावर फोडता आलं असतं. पण तिने अहिराणीत विचारलं होतं आणि माझ्या तोंडून अहिराणीतच निघालं. ‘मी.’

‘तू? बाई मानूस?’ ती म्हणाली. ‘मी म्हनेल व्हतं, माले जाऊ दे. तू माले काढी टाकं.’

तिला शब्दाबद्दल म्हणायचं होतं की स्वतःबद्दल, ते मी विचारलं नाही. आमच्या बोलीत दोन्ही एकच आहे.

भावाकडे जाते असं सांगून मी दुसऱ्या दिवशी एसटीने धुळ्याला गेले. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता उन्हाने पांढरा पडलेला. पांझरेच्या पलीकडे देवपूरला तिचं घर. अक्का, तिला सगळे अक्काच म्हणतात, दारातच बसली होती. बुटकी, काटक, पांढरा अंबाडा. घरात सुनेचा वावर होता म्हणून ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली आणि उलट्या घमेल्यावर बसवलं.

तिने सांगितलं ते असं. तिचा मामा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. त्याने तिला गायला नेलं. तिच्या बापाला वाटायचं ती मामीकडे शिवण शिकायला जाते. हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच गेलंही. आठ गाणी भरायची ठरली होती. पाचवं भरायच्या आठवड्यात तिचं लग्न ठरलं. तिला ते नको होतं. बापाला सांगायची हिंमत नव्हती, तर तिने ते गाण्यात सांगितलं. मामाने लिहिलेल्या ओळीत फक्त ‘जाऊ दे’ होतं. ‘माले’ तिने घातला.

‘बठ्ठास्ले वाटनं, पोर मस्त गास,’ अक्का म्हणाली. बठ्ठा म्हणजे सगळे. ‘मी बापले सांगी ऱ्हायनथू.’

लग्न ठरलेल्या मुलीचं नाव कॅसेटवर नको म्हणून नाव छापलंच नाही. चार-सहा कॅसेटी निघाल्या, त्यातली एक वडिलांच्या दुकानात आली असणार. नवरा, सासर, मुलगा, सून, कोणालाच कधी कळलं नाही. आता शेजारच्या हळदीत अचानक तिला तिचाच आवाज ऐकू आला, अठराव्या वर्षाचा, स्पीकरमधून. ती ओट्यावरून उठून उभी राहिली. थांबा आला. तिने श्वास घेतला. आणि थांब्यात एक बाप्या गरजला, किंग ऑफ खान्देश.

मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

‘तुम्हाला काय हवंय, अक्का?’ मी विचारलं. ‘नाव लावायचं का गाण्याला?’

‘नाव ना काय करू आते?’ तिने हात झटकला. ‘नातनी हयदमा एक डाव तो शब्द वाजू दे. बठ्ठास्ना समोर. कोनले सांगू नको कोन शे ते. फक्त वाजू दे.’

मी हो म्हणून आले. बसमध्ये येताना मी स्वतःला सगळं खरं सांगितलं. तो शब्द मापात बसत नाही हे निमित्त होतं. आवाज लांबवायचा-आखडायचा हे आता दोन मिनिटांचं काम आहे, तेव्हाही होतं. मला बसवता आला असता. ती जागा टॅगला हवी होती, म्हणून मी तिला काढलं.

मी टॅग काढून ‘माले’ परत घातला. चार ठोक्यांत बसवलाही नाही. तिने घेतला तेवढा वेळ घेऊ दिला आणि ड्रमला थांबायला लावलं. नवऱ्याला सगळं सांगितलं आणि ऐकवलं. त्याने हेडफोन काढला.

‘टॅग कुठाय?’

‘अहो, तिथे तिचा शब्द होता.’

‘असेल. पण टॅग नसला तर लोकांना कळणार कसं गाणं कुणाचं ते?’

‘तिचं आहे.’

तो हसला. ‘गाणं तिचं असेल गं. वाजवतं कोण?’

आम्ही तीन दिवस त्यावर घातले. तो चिडत नाही ही त्याची मोठी खोड आहे. चिडणाऱ्याशी भांडता येतं. तो फक्त समजावतो. त्या मांडवात दुसरे डीजेवाले असतील, मोबाइलवर उचलतील, टॅग नसलेलं गाणं म्हणजे कुलूप नसलेलं घर. शेवटी म्हणाला, ‘असं करू. साउंड चेकला वाजवतो. पुरं वाजवतो, तुझं समाधान होऊ दे. मग आपलं नेहमीचं.’

‘मला यायचंय,’ मी म्हटलं.

‘तिथे तू काय करणार?’

‘ऐकणार.’

त्याला यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरंच झालं म्हणाला, मांडवात तुझंही जेवण होईल. सासूबाईंनी मात्र शेजारी सांगितलं की सून नात्यातल्या लग्नाला चाललीय.

हळद दुपारची होती. ऊन उतरायच्या आत गाडी गल्लीत लावली, डबे चढवले, वायरी ओढल्या. मांडवात अजून खुर्च्याही मांडल्या नव्हत्या. नवऱ्याने मला खूण केली, आता वाजवतो. मी अक्काला बोलवायला आत धावले. मागच्या खोलीत बायका गोल करून बसलेल्या, हळकुंडं जात्यावर दळत होत्या आणि गाणी म्हणत होत्या. अक्का मधोमध, जात्याच्या खुंट्यावर हात. घरातली सगळ्यात मोठी म्हणून पहिली हळद तिच्या हाताने दळायची होती, आणि हातात घेतलेली ती मध्येच सोडायची नाही. मी दारातून हाताने बोलवलं. तिने मान हलवली, आले म्हणून. तिकडे बाहेर गाणं सुरू झालं. पण खोलीत वीस बायका गात होत्या आणि भिंतीतून फक्त बेसचा धपका येत होता.

ती हात झटकत बाहेर आली तेव्हा गाणं संपलं होतं.

‘वाजनं का?’

‘वाजलं, अक्का. चारदा आला शब्द.’

‘कोनी ऐकं?’

‘मांडववाल्याने,’ मी म्हटलं. ‘आणि खांबापाशी एक कुत्रं होतं.’

ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मला तिच्याकडे बघवेना. नवऱ्याने शब्द पाळला होता. त्याच्याकडे जाऊन भांडावं तर तो म्हणणार, मी वाजवलं की नाही? आणि वाजवलं होतंच. सगळं असंच होतं माझं. प्रत्येक वेळी सगळे आपापला शब्द पाळतात आणि माझ्या हाती काही येत नाही.

हळद लागली. नातीचे गाल, कोपर, पाय पिवळे झाले. पोरं ओरडायला लागली, जाऊ दे लाव, जाऊ दे लाव. मी गाडीमागे, नवऱ्याच्या शेजारी उभी होते. पहिल्यांदाच माझं गाणं एवढ्या मोठ्याने ऐकत होते. छातीतली धडधड बाहेरून येत होती की आतून ते कळत नव्हतं. खरं सांगू? ते सुंदर वाजत होतं. नात नाचत होती, सून नाचत होती, अक्काचा मुलगा दोन्ही हात वर करून नाचत होता. कोणाचाही पाय चुकत नव्हता.

थांबा आला. ‘किंग ऑफ खान्देश’. धाड. जाऊ दे, जाऊ दे, जाऊ दे.

अक्का खुर्चीवरून उठली. पदर खोचला, आणि नाचणाऱ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, म्हातारी नाचणार म्हणून कडं केलं. ती नाचली नाही. दुसरा थांबा आला तेव्हा तिने तोंड वर केलं आणि ओरडली. मला ऐकू आलं नाही, वरून टॅग गरजत होता. पण तिचं तोंड कसं उघडलं ते मी पाहिलं. तो आवाज कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते मला पाठ आहे. ‘माऽऽले’.

नातीला वाटलं, आजीने नवीन काहीतरी काढलं. तिसऱ्या थांब्याला नातही ओरडली. मग सून. मग मघाशी दळायला बसलेल्या सगळ्या बायका, हात पिवळे, तोंडं वर. कोणाला काही माहीत नव्हतं. त्यांना आवडलं म्हणून त्या म्हणत होत्या. चौथ्या थांब्याला त्या इतक्या जोरात ओरडल्या की जाड आवाजाचं तोंड नुसतंच उघडलं असावं, नाव कोणाचं पुकारलं ते काही कळलं नाही. आणि त्या चार ठोक्यांत थांबल्या नाहीत. ड्रम पडला तरी त्यांचं ‘माले’ चाललंच होतं, बिनमापाचं. पोरांचे पाय चुकले. अक्काचा मुलगा हात वर ठेवूनच थबकला. ‘माय, दम लागी तुले,’ तो म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

कोणीतरी विचारलं, ‘आजी, हे नवं कथाईन आनं?’

‘जुनं शे,’ अक्का म्हणाली.

नवरा एका कानावर हेडफोन धरून उभा होता. त्याच्या कपाळाला आठी पडली. गाणं त्याच्या हातात होतं आणि मांडव नव्हता. तो माझ्याकडे वाकला. ‘काय म्हणताहेत त्या?’

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. माझ्या अंगात तेव्हा काय होतं ते मला आजही धड सांगता येत नाही. भीती होती, आणि एक जुना, शिळा झालेला राग. मी सगळा श्वास घेतला आणि शुद्ध मराठीत, त्याला कळेल असं म्हटलं, ‘मला जाऊ दे.’

त्याने हेडफोन कानावरून खाली घेतला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि हसला.

‘आत्ता कुठे?’ तो म्हणाला. ‘जेवणं तर होऊ दे.’

आणि त्याने आवाज वाढवला.